साहेबांचा पहारेकरी

३ फेब्रुवारी, मंगळवार

पान उघडत नाही! सकाळपासून तिसऱ्यांदा तेच — ‘सापडले नाही’. सापडलं नाही म्हणजे काय? मीच ठेवलं ना तिथे, माझ्या हातांनी.

ह्यांचं इंटरनेटवरचं पान, ‘आजचे आकाश’. सूर्य किती वाजता मावळणार, चंद्र कधी उगवणार, संध्याकाळी कुठला ग्रह कुठल्या बाजूला — सगळं ते पान रोज स्वतः मोजून दाखवायचं. वर आजची तारीख, आणि खाली ह्यांची स्वतःची एक ओळ. ‘ढग आहेत. गुरूची माफी मागून आत आलो.’ असलं काहीतरी. बारा वर्षं, एका दिवसाचा खाडा नाही.

ऑक्टोबरात हे गेले. ज्या कंपनीच्या सर्व्हरवर पान होतं तिच्या भाड्याची मुदतही त्याच महिन्यात संपली. माझ्या लक्षात कुठलं यायला! पान बंद. चार महिने.

मागच्या आठवड्यात दुर्बीणवाल्यांचा फोन. ह्यांचे जुने मित्र, चष्म्या-दुर्बिणींचं दुकान होतं त्यांचं. म्हणाले, “वहिनी, ते पान आता कायमचंच गेलं का हो?” त्याच दिवशी नवीन सर्व्हर भाड्याने घेतला. ह्यांच्या डिस्कवर सगळ्या फायली आहेत. बसवणार मीच. ह्यांना बासष्टाव्या वर्षी हे शिकता आलं, तर मला चौसष्टाव्या वर्षी का नाही?

पण खरं कारण दुर्बीणवाले नाहीत. वहीपासून कशाला लपवू. कारण आमची लेक. नऊ वर्षं झाली घर सोडून. पत्ता नाही, नंबर बदललेला, मेल परत येते. बाबा गेले हेही तिला कळलेलं नाही. सांगणार कुठे? जगात एकच जागा आहे जिथे ती चुकून डोकावेल, ती म्हणजे हे पान. बांधलं होतं तिनेच, बाबांना शेजारी खुर्चीत बसवून. घरात तेव्हापासून तिचं नाव ‘साहेब’.

पान उभं राहिलं की त्या ओळीच्या जागी मी लिहीन. बाबा गेले म्हणून.

५ फेब्रुवारी, गुरुवार

सर्व्हर कंपनीच्या मदतकेंद्राला फोन केला. पलीकडे एक बाई, माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान असतील. सर्दी झालेली. दर दोन वाक्यांना “थांबा हं” म्हणून शिंकत होत्या. पण समजावतात छान.

म्हणाल्या, “ताई, तुमचा सर्व्हर म्हणजे दारावरचा माणूस. कोणी फाइल मागितली की कपाटातून काढून जशीच्या तशी देतो. पण तुमच्या मिस्टरांची पानं जावा नावाच्या संगणकी भाषेतली आहेत. ती कच्ची. आत पाठवून शिजवून आणावी लागतात. तुमच्याकडे आत कोणी स्वयंपाकीच नाही!”

म्हणजे आत आणखी एक सर्व्हर बसवायचा, आणि दारावरच्याने गिऱ्हाइकाची मागणी आत पोचवायची. एवढंच तर! म्हटलं, “सांगा, मी लिहून घेते.”

“ताई, आमची माणसं करून देतील ना.”

“नको. मी करणार.”

बाई एकदा शिंकल्या आणि म्हणाल्या, “घ्या लिहून.”

६ फेब्रुवारी

चार पानं लिहून झाली. डोळे दुखतात.

९ फेब्रुवारी, सोमवार

आधी जावा बसवलं. मग आतला सर्व्हर. त्याचं नाव टॉमकॅट! वन्सं आल्या होत्या, त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, “बोका? अहो वहिनी, दादा गेला, आता घरात बोका आणून बसवता?” हसलो दोघी. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पदराने पुसून म्हणाल्या, “डोळे आले आहेत बहुतेक.” मी हो म्हटलं.

काळ्या खिडकीत हुकूम टाइप करायचे. एक टिंब चुकलं तरी यंत्र तोंड फिरवतं. मला भीती वाटत नाही. शाळेतल्या टायपिंगच्या सिस्टर आमच्या हातांवर पांढरं फडकं टाकायच्या — बोटं दिसायची नाहीत, कळ दिसायची नाही. एक अक्षर चुकलं की सगळं पान पुन्हा. वर आवाज चढवायच्या नाहीत, हे तर फारच वाईट! नुसता नवा कागद मशीनमध्ये सरकवायच्या आणि पुढे जायच्या. मी वर्गात पहिली होते. लेकीला हे किती वेळा सांगितलं असेल. ती म्हणायची, “आई, मशीनला फडकं आवडत नाही, चुका आवडतात. चुकल्याशिवाय शिकवत नाही ते.”

जेवणाच्या टेबलावर बसते. ह्यांच्या खोलीत अजून बसवत नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

बोका सुरू झाला, पण ह्यांचं पान दिलं की फेकून देतो. पडदाभर लाल अक्षरं. नाकी नऊ आले.

मदतकेंद्रातल्या बाई म्हणाल्या, “तुम्ही सगळ्यात नवा टॉमकॅट घेतलात. नव्यात आतली नावं बदललीत. तुमच्या मिस्टरांच्या पानांना ती ओळखू येत नाहीत. जुना घ्या, नऊ नंबरचा.”

म्हणजे नवं यंत्र पान नीट वाचतं, पण पान ज्यांना हाका मारतं त्या नावांची माणसं आता तिथे राहतच नाहीत. कसं असतं ना.

उद्या जुना आणेन. आज रागाच्या भरात सगळ्या फायली दारावरच्या माणसाच्याच कपाटात, वेगळ्या नावाच्या खणात, टाकून पाहिल्या. बघू काय करतो तो.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

स्वयंपाक राहिलाय. तरी लिहिते.

पान उघडलं! पण आकाश नाही, सूर्य नाही, चंद्र नाही. पडद्यावर सगळं आतलं लिखाण. कंस, टक्क्यांची चिन्हं, गणितं. न शिजलेलं. बंद करणार होते, तेवढ्यात मध्येच मराठी दिसलं.

‘बाबा, इथून खाली हात लावायचा नाही. — साहेब’

त्याच्या खाली:

‘आज्ञा. — शिपाई’

खाली सरकत गेले. पन्नास ओळी गणित, की मध्ये हे दोघं!

‘चंद्राचं गणित मी केलंय. समजलं नाही तर विचारा, उगाच मान डोलवू नका. — साहेब’

‘डोलवली. — शिपाई’

‘रात्री जागून हे पान मोडून ठेवल्याबद्दल शिपायाचा दोन दिवस चहा बंद. — साहेब’

मी ह्याच टेबलावर भाजी चिरत असायचे, आणि ते दोघं आत टकटक टकटक. मध्येच खो खो हसायचे. मी विचारायचे, काय झालं? “काही नाही, काही नाही.” म्हणजे हे होतं! माझ्या नाकासमोर.

मग पुढे नुसता शिपाई.

‘साहेब, चंद्रोदय बारा मिनिटं मागे पडतो असं वाटतं. लावू का हात?’

‘उत्तर नाही. म्हणजे परवानगी नाही. राहू दे.’

‘साहेबांचा पहारेकरी रोज येतो. सकाळी सहा वाजून सात. म्हणजे साहेबांनी त्याला अजून काढलेलं नाही. पुरे आहे.’

आणि सगळ्यात खाली:

‘साहेबांनी एकदाही फोन केला नाही. बरोबरच आहे. बोललो मीच तसं.’

उठले. भांडी घासली. घासलेलीच होती, पुन्हा घासली.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

मदतकेंद्रातल्या बाईंना सांगितलं तर शिंकायच्याच राहिल्या! “ताई, आधी ते बंद करा! आतलं लिखाण साऱ्या जगाला दिसतंय. पासवर्डसुद्धा असतील त्यात.”

म्हटलं, “त्यात माझ्या घरच्यांची बोलणी आहेत हो.”

“त्यांना शेरे म्हणतात. लिहिणाऱ्याने लिहिणाऱ्यासाठी लिहायचे. यंत्र त्यांना वळसा घालून पुढे जातं. सर्व्हर नीट चालला की बाहेरच्याला एकही दिसत नाही.”

म्हणजे मी काम बरोबर केलं की हे दोघं पुन्हा गप्प. चूक आहे तोवर बोलतात.

दोन तास मागितले. हातानेच ह्या वहीच्या मागच्या पानांवर उतरवून घेतले सगळे शेरे. फाइल माझ्याकडे आहेच, ती कुठे जाते! तरी उतरवले. मग कपाट रिकामं केलं.

फोन ठेवता ठेवता विचारलं, “पहारेकरी म्हणजे काय हो?”

“पान जागेवर आहे ना, हे रोज येऊन बघणारा एक प्रोग्रॅम असतो. कोणीही बसवू शकतं. पान बंद दिसलं की बसवणाऱ्याला मेल जाते — बंद आहे म्हणून.”

“रोज?”

“बहुतेक रोज. आणि पुन्हा सुरू झालं की तशीही एक मेल.”

चार महिने. रोज सकाळी सहा वाजून सात मिनिटांनी तिच्याकडे चिठ्ठी गेली — बाबांचं पान बंद आहे. आजही बंद आहे. आजही.

आणि तरी तिने फोन केला नाही.

का केला नाही ते मला माहीत आहे. आज नाही लिहीत.

१४ फेब्रुवारी

काही नाही. पडून होते.

१६ फेब्रुवारी, सोमवार

वन्संनी विषय काढलाच. “दादा तापट होता हो, पण मनात ठेवणारा नव्हता. पोरगी कायमची नोकरी सोडून कुठल्या कोण माणसाबरोबर परदेशी निघाली, बाप बोलणारच. पण ‘या उंबऱ्यावर पुन्हा पाऊल ठेवू नकोस’ असं कोणी बोलतं का? आणि तीही एवढी कशी दगड, एक फोन करू नये?”

मी म्हटलं, “चहा घेता का अजून?”

“तुमचं बरं आहे वहिनी, तुम्ही मधल्यामधे. ना इकडच्या दोषात, ना तिकडच्या.”

चहा उतू गेला.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

चाललं! चाललं! चाललं!

नऊ नंबरचा बोका पानं घेऊन बसला. दारावरच्या माणसाला दोन ओळींत सांगितलं की ‘आकाश’ मागायला कोणी आलं तर आत पाठव, स्वतः शहाणपणा करू नकोस. दोघांनाही उठवून पुन्हा बसवलं. पान उघडलं — भर दुपारी सूर्य उगवत होता! सर्व्हरचं घड्याळ कुठल्या तरी परक्या वेळेवर लागलेलं. तेही आपल्या वेळेवर आणलं. मग सूर्य बरोबर जागी गेला. शेरे गेले. निळं आकाश, पांढरी अक्षरं, अगदी होतं तसं.

मदतकेंद्रातल्या बाईंना फोन केला. म्हणाल्या, “ताई, आमच्याकडे नोकरी करता का?” सर्दी बरी झाली आहे त्यांची.

आता ती ओळ लिहायची राहिली. आज दमले. उद्या.

१८ फेब्रुवारी, बुधवार

ती आहे! ती आहे!

सर्व्हर रोज कोण येऊन गेलं त्याची यादी ठेवतो. चहा न घेता आधी यादी उघडली. सहा वाजून सात — पहारेकरी. जीव भांड्यात पडला. त्याच्या पुढची ओळ: सहा अठरा. ‘आकाश’ पान. यंत्र नव्हे, माणूस. सहा एकोणीस, पुन्हा. सहा एकवीस. मोजले, अकरा वेळा! पहारेकऱ्याने कळवलं असणार की पान सुरू झालं, आणि ती धावली.

बाईंना फोन करून त्या ओळीतला आकड्यांचा पत्ता वाचून दाखवला; त्यावरून गाव कळतं म्हणे. ज्या शहराचं नाव लेकीने दारात उभं राहून घेतलं होतं, तेच शहर निघालं.

मदतकेंद्राच्या फोनवर रडले. बाई म्हणाल्या, “रडा ताई, आज रांगेत दुसरं कोणी नाही.”

अकरा वेळा पाहिलं तिने. काय पाहत असेल इतकं?

१९ फेब्रुवारी, गुरुवार

कळलं काय पाहत होती ते.

दुर्बीणवाल्यांचा फोन आला. आवाज घाबरा. “वहिनी, पान उघडलं आणि अंगावर काटा आला हो! आजची तारीख, आणि खाली त्याची ओळ — ‘उद्या लवकर उठून शुक्र पाहायचा.’ मला वाटलं, हा आहे! क्षणभर खरंच वाटलं!”

तारीख पान स्वतः घालतं. ओळ हे स्वतः बदलायचे. ऑक्टोबरातली शेवटची ओळ मी तशीच राहू दिली, आणि यंत्राने तिच्या डोक्यावर आजची तारीख ठेवली. काल कालची ठेवली असेल. उद्या उद्याची ठेवील.

चार महिने तिला वाटत असेल, बाबा गेले की काय. आणि काल सकाळी मी तिला सांगितलं — नाहीत गेले! उद्या शुक्र पाहणार आहेत!

सगळं नीट केलं. एक टिंब चुकू दिलं नाही. आणि हे असं.

आजच्या यादीत ती नऊ वेळा.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

‘बाबा ११ ऑक्टोबरला गेले. शांतपणे गेले.’ लिहिलं. पानावर चढवलं नाही.

एवढं लिहून चालेल? दुःख तिला कळेल, आणि तेवढंच कळेल. तिच्या हिशेबी बाबा तिचं तोंड न बघण्याची आण घेऊन गेले असं राहील. तसं राहू दिलं तर कोणाला काय समजणार आहे? हे गेले. वन्संना माहीत नाही. मला विचारणारं कोणी उरलेलं नाही.

सहा वाजून सात. सहा बारा. आज सात वेळा.

२१ फेब्रुवारी

पाच वेळा. फोन नाही. बाबा बरे आहेत असं समजून खूश होऊन परत जात असेल — रोज, दारापर्यंत येऊन, आत न येता. तिला आत यायला बंदी आहे ना.

२२ फेब्रुवारी, रविवार

ह्यांच्या खोलीत बसले, पहिल्यांदाच. खुर्ची ते रेलायचे त्या बाजूला कललेली आहे. नऊ वर्षं ह्याच खुर्चीत बसून त्यांनी ‘बोललो मीच तसं’ हे ओझं वाहिलं. मी रोज चहा आणून ठेवत होते. कप ठेवायचा, पाच पावलं, दार. एवढ्या पाच पावलांत सांगता आलं असतं.

एकदा म्हणाले होते, “तू तरी तिला कधी बोलली नाहीस वाईट. तू चांगली आहेस.”

मी म्हटलं होतं, “चहा गार होतोय.”

२३ फेब्रुवारी, सोमवार

सहाच्या आत उठून ओळ बदलली. पानावर आता हे आहे. वन्संना दिसेल, दुर्बीणवाल्यांना दिसेल, दिसू दे.

‘साहेब, बाबा ११ ऑक्टोबरला गेले. तू गेल्यावर महिन्याने फोन केलास तेव्हा ते अंघोळीला गेले होते. फोन मी घेतला. “त्यांना तुझा आवाजही ऐकायचा नाही” हे त्यांनी म्हटलं नव्हतं. मी म्हटलं होतं. राग माझा होता. तू फोन केला होतास हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही. शेवटपर्यंत ते वाट पाहत होते. — आई’